समांतर ऑब्जेक्ट डेटाबेस: कुठलं काम कुठल्या नोडला, आणि ते ठरवायचं कधी?

मुळशीकर

मंडळी, डेटाबेसच्या पोटात शिरून काम केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून प्रश्न जरा तपशिलात मांडतो.

आमच्याकडे गाड्यांच्या डिझाइनचा सगळा डेटा एका ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये आहे, म्हणजे टेबलांऐवजी एकमेकांकडे पॉइंटरनं (पत्त्यानं) बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टांच्या रूपात. गाडीत असेंब्ल्या, त्यांच्या पोटात उप-असेंब्ल्या, खाली सुटे भाग, आणि प्रत्येक भागाकडून त्याच्या मटेरियलकडे पॉइंटर. नोड, म्हणजे मिळून काम करणारी यंत्रं, आठ. प्रत्येकाची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, मध्ये फक्त नेटवर्क. 'भाग' या क्लासखाली (प्रकाराखाली) बोल्ट, पत्र्याचे भाग, ओतीव भाग असे सबक्लास (उपप्रकार) आहेत.

नेहमीची क्वेरी अशी: ज्यांच्यात ॲल्युमिनियमचा एखादा भाग दोन किलोपेक्षा जड आहे अशा सगळ्या असेंब्ल्या द्या. वजन कुठे साठवलेलं नाही, ते मेथड, म्हणजे त्या प्रकारच्या ऑब्जेक्टला जोडलेला कोड, काढते. बोल्टचं वजन सूत्रात आकडे घातले की मिळतं. ओतीव भागाचं मात्र त्याच्या पूर्ण भूमितीवरून घनफळ काढून, म्हणजे बराच वेळ.

ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) क्वेरी सुरू व्हायच्या आधीच कामाचे आठ वाटे करून मोकळा होतो. सात नोड आपला वाटा उरकून बसून राहतात, आठवा चालूच असतो, आणि उत्तर त्या एकासाठी अडतं. क्वेरी बदलली की अडणारा नोडही बदलतो.

टीममध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, खर्चाचे अंदाज सुधारा, म्हणजे वेळापत्रकही सुधारेल. माझं मत वेगळं आहे. ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये मेथडच्या आत काय चाललंय हे ऑप्टिमायझरला दिसत नाही, त्यामुळे वाटप चालता चालताच करायला हवं. तुमचा अनुभव काय?

दुर्गवेडा

रुमाल टाकून ठेवतो, रात्री लिहीन. तोवर एक सांगा, नोडांना नावं काय दिलीत? आमच्याकडे किल्ल्यांची आहेत आणि तोरणा कायम सगळ्यांच्या शेवटी उतरतो.

गणितवेडी

मुळशीकर, तुमच्या मताच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट आहे. रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1966 मध्ये दाखवून दिलं की 'जो यंत्र मोकळा झाला त्याला यादीतलं पुढचं तयार काम द्या' एवढा साधा नियम पाळला, तरी लागणारा एकूण वेळ सर्वोत्तम वेळापत्रकाच्या 2 − 1/म पटींपलीकडे जात नाही. म म्हणजे यंत्रांची संख्या. आठ नोडांना ही मर्यादा 1.875 पट. यात कुठल्या कामाला किती वेळ लागेल हे आधी माहीत असावं लागत नाही, आणि 'हे काम झाल्याशिवाय ते नाही' अशी बंधनं असली तरी मर्यादा टिकते.

वाईटात वाईट काय होतं ते बघा. तीन नोड, सहा कामं एकेक मिनिटाची आणि एक तीन मिनिटांचं. छोटी आधी वाटली तर ती दोन मिनिटांत संपतात, मग मोठं सुरू होतं, आणि सगळं आटपायला पाच मिनिटं जातात. मोठं आधी लावलं तर एक नोड त्यात गुंततो, उरलेले दोघे छोटी सहा उरकतात, तीन मिनिटांत काम फत्ते. म्हणजे नुसतं चालता चालता वाटून भागत नाही, मोठं काम आधी लागलं पाहिजे. कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तर 'मोठं आधी' या नियमाची हमी 4/3 − 1/(3म) पट आहे, हेही ग्रॅहम यांचंच, 1969 मधलं. आठ नोडांसाठी ते साधारण 1.29 येतं.

पण मोठं कुठलं हे कळायला अंदाज लागतोच. तेव्हा दुसऱ्या तटाला अगदीच मोडीत काढू नका.

सई_चिपळूण

मी आयटीतली नाही, पण शीर्षक बघून आत आले. म्हणजे हे पंगतीतल्या वाढप्यांसारखं का? प्रत्येकाला एकेक ओळ नेमून दिली की ज्याच्या ओळीत जास्त खाणारे बसलेत तो अडकतो, आणि बाकीचे हात पुसत उभे राहतात?

मुळशीकर

सईताई, अगदी बरोबर. भर एवढीच की कोण किती खाणार हे पानावर बसेपर्यंत कळत नाही.

कोअर_डंप

गणितवेडी यांचा प्रतिसाद आवडला, पण त्या गणितात एक गृहीतक आहे: कुठलंही काम कुठल्याही यंत्रावर सारख्याच खर्चात होतं. मेमरी सामायिक असेल तिथे हे ठीक. मुळशीकरांचे नोड काहीच सामायिक न करणारे आहेत. तिथे काम हलवायचं म्हणजे डेटा हलवायचा.

ही चर्चा जुनी आहे. डेविट आणि ग्रे यांनी 1992 च्या लेखात समांतर डेटाबेसच्या आड येणारे तीन अडथळे सांगितले होते: कामं सुरू करण्याचा खर्च, सामायिक गोष्टींवरची एकमेकांची अडवणूक आणि वाट्यांमधली विषमता. तुम्ही तिसऱ्यावर औषध म्हणून वाटे बारीक करायला निघालात तर पहिला अडथळा वाढतो. आणि मोकळ्या नोडानं दुसऱ्याचं काम उचलायचं ठरवलं तर नेटवर्कवर दुसरा.

माझं मत स्पष्ट आहे. ऑब्जेक्ट जिथे राहतो तिथेच त्याची मेथड चालली पाहिजे. विषमता घालवायची तर डेटाची मांडणी बदला, वेळापत्रकाच्या मागे लागू नका.

दुर्गवेडा

आलो. कोअर_डंप यांच्याशी अर्धा सहमत आहे.

ऑब्जेक्ट डेटाबेस आणि रिलेशनल (टेबलांचा) डेटाबेस यांतला खरा फरक इथे पॉइंटरमुळे पडतो. रिलेशनलमध्ये जॉइनच्या (दोन टेबलं जुळवण्याच्या) आधी दोन्ही टेबलं हॅशवर (किल्लीवरून काढलेल्या आकड्यावर) वाटून घेतली की कुठली ओळ कुठे जाणार हे ठरलेलं असतं. ऑब्जेक्टमध्ये असेंब्लीतून भागाकडे, भागातून मटेरियलकडे असं उड्या मारत जायचं, आणि प्रत्येक उडी कुठल्या नोडावर पडेल हे तो पॉइंटर हाती आल्यावरच कळतं. एकेक पॉइंटर घेऊन 'तो ऑब्जेक्ट पाठवा' असं मागत बसलात तर प्रत्येक वेळी नेटवर्कची एक फेरी. तुमचा जो नोड मागे पडतो तो हिशेब करतोय की नुसती उत्तराची वाट बघतोय, हे आधी तपासा. आमच्या तोरण्याचं दुखणं हेच निघालं होतं, कोअर रिकामे आणि हा दुसऱ्या नोडांच्या उत्तरांसाठी ताटकळलेला.

उपाय असा की सगळे पॉइंटर आधी गोळा करायचे, गंतव्य नोडानुसार गठ्ठे करायचे आणि गठ्ठाच तिकडे पाठवायचा. पॉइंटरवर आधारलेल्या जॉइनच्या या पद्धती शेकिटा आणि केरी यांनी 1990 मध्ये अभ्यासल्या, आणि डेविट, लिव्हेन आणि मेहता यांनी 1993 मध्ये समांतर यंत्रणांसाठी त्यांची तुलना केली.

एका नोडाच्या आतही वेळापत्रकाचा प्रश्न असतोच. केलर, ग्रेफ आणि मायर यांचा 1991 चा असेंब्ली ऑपरेटर बघा. एकच गुंतागुंतीचा ऑब्जेक्ट शेवटपर्यंत उलगडत बसण्याऐवजी तो एका वेळी अनेक ऑब्जेक्ट अर्धवट उघडे ठेवतो, त्या सगळ्यांचे बाकी पॉइंटर एकत्र पाहतो आणि डिस्कचं डोकं ज्या दिशेनं चाललंय त्या क्रमानं ते आणतो. डोकं मागे-पुढे धावणं वाचतं. आजच्या एसएसडीत डोकं नाही, पण एका वेळी अनेक मागण्या चालू ठेवण्याचा फायदा तसाच मिळतो.

नवशिका_पुणे

वाचनखूण साठवली. एक भाबडी शंका. ऑब्जेक्ट डेटाबेस अजून कोणी वापरतं का? आम्हाला कॉलेजात एका तासात उरकून टाकले होते.

कोअर_डंप

वापरतात, पण जिथे डेटाचा आकारच गुंतागुंतीचा आहे तिथे. 1989 चा ऑब्जेक्ट डेटाबेसचा जाहीरनामा आणि 1993 मध्ये आलेलं ओडीएमजी या गटाचं ऑब्जेक्ट डेटाबेससाठीचं मानक, त्या काळात रिलेशनल मागे पडणार असंच बऱ्याच जणांना वाटत होतं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या 'बाबर' प्रयोगानं 1999 पासून कणांच्या टकरींचा डेटा ऑब्जेक्टिव्हिटी या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवला आणि तो शेकडो टेराबाइटांवर गेला. पुढे त्यांनी तो रूट या सॉफ्टवेअरच्या फायलींकडे वळवला. वेळापत्रकाच्या दृष्टीनं त्यांचं काम सोपं होतं, कारण एका टकरीचा दुसरीशी संबंध नसतो. वाटा आणि मोकळे व्हा. मुळशीकरांच्या डेटात तसं नाही, एकच बोल्ट हजारो असेंब्ल्यांत असतो.

जावाजोशी

नवशिका, ऑब्जेक्ट डेटाबेस नसला तरी हा प्रश्न तुम्हाला चुकत नाही. ओआरएम (टेबलांतल्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देणारं साधन) वापरून ऑर्डरींची यादी आणता, मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक. एक क्वेरी यादीची आणि प्रत्येक ओळीमागे एकेक. ती वर दुर्गवेडा यांनी सांगितलेली पॉइंटरची उडीच आहे.

खारीचा_वाटा

कोअर_डंप यांनी बोल्टचं लिहिलं त्यावरून सुचलं. वेळापत्रकाकडे जायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली: पॉइंटर गोळा केल्यावर त्यातले दुबार काढता का? एक ओतीव भाग शंभर असेंब्ल्यांत असेल तर त्याचं वजन एकदाच काढायला हवं. पॉइंटरच्या मागे जात जात क्वेरी चालवली तर ते शंभर वेळा निघतं, आणि शिवाय वेगवेगळ्या नोडांवरून.

दुसरी: अटींचा क्रम. हेलरस्टाइन आणि स्टोनब्रेकर यांनी 1993 मध्ये महागड्या अटींसाठी एक सोपं माप दिलं. अटीतून जेवढा हिस्सा पार होतो त्यातून एक वजा करायचा आणि अटीच्या खर्चानं भागायचं. ज्या अटीचं उत्तर लहान ती आधी. समजा ॲल्युमिनियमची अट दहातले नऊ भाग पार करते आणि खर्च 1. वजनाची अट दहातला एक पार करते आणि खर्च 100. पहिलीचं माप −0.1, दुसरीचं −0.009. म्हणून मटेरियल आधी. एका भागामागे सरासरी खर्च 91 येतो, उलट क्रमानं 100.1. तुमच्याकडे ॲल्युमिनियमचे भाग कमी असतील तर फायदा याहून कितीतरी मोठा.

मेख अशी की मटेरियलची अट दिसायला स्वस्त असली तरी तिच्यासाठी दुसऱ्या नोडावर जावं लागतंय. मटेरियलची यादी छोटी असते आणि क्वचितच बदलते. तिची एकेक प्रत आठही नोडांवर ठेवा.

गणितवेडी

दुबार काढण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कामच शंभरपट फुगलेलं असेल तर सर्वोत्तम वेळापत्रकही त्या फुगलेल्या कामाचंच असणार.

हत्तीमित्र

पोस्टग्रेस शुद्ध ऑब्जेक्ट डेटाबेस नाही, पण टेबलांचा वारसा आणि आपण लिहिलेली फंक्शनं हे दोन्ही त्यात आहे, त्यामुळे इथल्या दोन गोष्टी तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतात.

एका मूळ टेबलाखाली अनेक उपटेबलं असतील तर 2018 च्या 11 व्या आवृत्तीपासून पॅरलल अपेंड (उपटेबलं एकाच वेळी वाचण्याची सोय) मिळतो. जे उपटेबल अनेक वर्करांत (समांतर चालणाऱ्या प्रोसेसांत) विभागता येतं त्यावर अनेक जण बसतात. जे विभागता येत नाही ते एकाच वर्करकडे जातं, आणि अशा अविभाज्य कामांमध्ये सर्वांत महाग ते सर्वांत आधी उचललं जातं. गणितवेडी यांनी सांगितलेलं 'मोठं आधी' तेच.

दुसरी गोष्ट फंक्शनांची. तुम्ही लिहिलेलं फंक्शन समांतर चालवायला सुरक्षित आहे असं स्वतः जाहीर केलं नाही, तर ते असुरक्षितच धरलं जातं, आणि असं एक जरी फंक्शन क्वेरीत असलं तरी पूर्ण क्वेरी एकट्या प्रोसेसवर चालते. कितीतरी लोक वर्करांची संख्या वाढवत बसतात आणि अडसर त्या एका ओळीत असतो. मुळशीकर, तुमची वजन मेथड ऑब्जेक्टमध्ये काही लिहिते का?

मुळशीकर

एकदा काढलेलं वजन ती ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवते. पुढच्या वेळी वाचावं म्हणून.

हत्तीमित्र

मग ते लिहिणं म्हणजे लॉक, एक लिहीत असताना दुसऱ्यानं थांबायचं. यावर परत येऊ.

बर्कलीकर

कोणीच एक्सपीआरएसचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. बर्कलीत पोस्टग्रेसवर उभा केलेला तो समांतर प्रकल्प. वेइ हाँग यांनी 1992 मध्ये तिथे एक सुंदर कल्पना मांडली: डिस्कवर अडलेलं एक काम आणि प्रोसेसरवर अडलेलं एक काम अशी जोडी एकत्र चालवायची, आणि दोन्ही साधनं पूर्ण वापरली जातील अशा प्रमाणात प्रोसेसर दोघांत वाटायचे. एक काम संपलं की प्रमाण चालू कामातच बदलायचं. तुमच्या क्वेरीत नेमकी ही दोन टोकं आहेत. असेंब्ल्या उलगडणं डिस्कवर अडतं, ओतीव भागाचं घनफळ प्रोसेसरवर. दोन्ही एकामागून एक चालवलीत तर आधी प्रोसेसर रिकामा आणि मग डिस्क रिकामी.

कोअर_डंप

एक्सपीआरएस सामायिक मेमरीच्या यंत्रासाठी होतं. इथे ते जसंच्या तसं लागू होत नाही.

बर्कलीकर

नोडांच्या मध्ये नाही, मान्य. पण प्रत्येक नोडाच्या आत अनेक कोअर आणि एक मेमरी आहे, तिथे होतं. नोडांच्या मधल्या वाटपासाठी गारोफलाकिस आणि योआनिडिस यांचा 1996 चा विचार जवळचा आहे. प्रत्येक कामाचा खर्च एका आकड्यात न मांडता प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क असा वेगवेगळा मांडायचा आणि कुठल्याही नोडावर यातलं एकही साधन तुंबणार नाही अशी कामं बसवायची. एकाच आकड्यानं वाटप केलं की दोन डिस्कखाऊ कामं एका नोडावर येतात आणि हिशेबात मात्र सगळं समान दिसतं.

दुर्गवेडा

कोअर_डंप, तुमच्या 'मेथड ऑब्जेक्टच्या घरीच चालली पाहिजे' या नियमाला माझा विरोध इथे आहे. आकडे मांडून बघू. समजा एका ओतीव भागाची भूमिती 10 एमबी. गिगाबिट नेटवर्कवर ती जायला साधारण 80 मिलिसेकंद. घनफळ काढायला दोन सेकंद लागत असतील तर मोकळ्या नोडाकडे पाठवणं सरळ परवडतं. बोल्टचं वजन मायक्रोसेकंदांत निघतं, तो हलवण्यात काहीच अर्थ नाही. म्हणजे नियम सगळ्या ऑब्जेक्टांना एकच असू शकत नाही. एका बाइटमागे किती हिशेब आहे यावर ते ठरतं, आणि ते सबक्लासनुसार बदलतं.

कोअर_डंप

हा मुद्दा पटला. सबक्लास हीच माहिती ऑब्जेक्ट डेटाबेसला रिलेशनलपेक्षा जास्त आहे आणि शेड्युलरनं ती वापरली पाहिजे. तरी नेटवर्क फक्त तुमच्याच क्वेरीचं नसतं हे लक्षात ठेवा. 80 मिलिसेकंद हे रिकाम्या तारेचे.

दुर्गवेडा

बरोबर. म्हणून आधी घरची कामं उरकायची आणि हात रिकामे झाले की मगच दुसऱ्याकडून मागायचं. म्युनिकच्या हायपर या डेटाबेसमध्ये 2014 मध्ये आलेली पद्धत अशीच आहे. साधारण एक लाख ओळींचे घास करायचे, थ्रेडनं आधी आपल्या जवळच्या मेमरीतले घास घ्यायचे, ते संपले तर दुसऱ्याचे. तिथे एका यंत्रातल्या मेमरीच्या अंतराचा प्रश्न होता, तुमच्याकडे नोडांच्या अंतराचा. घासाचा आकार मात्र तुम्हाला ओळींच्या संख्येनं ठरवता येणार नाही. एक लाख बोल्ट म्हणजे काहीच नाही आणि एक लाख ओतीव भाग म्हणजे रात्रभर.

सई_चिपळूण

अजून वाचतेय हं मी. एवढं कळलं की कुणाचं काम मोठं आहे हे आधी थोडं तरी समजायला हवं. ओतीव भाग किती किचकट आहे याचा काही अंदाज त्याच्या नोंदीत नसतो का?

गणितवेडी

सईताई, फार नेमका प्रश्न विचारलात. मुळशीकर, भूमितीतल्या पृष्ठांची संख्या कुठे साठवलेली आहे का? अचूक वेळ कळायची गरज नाही, क्रम लावता आला तरी पुरे.

मुळशीकर

इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो. सगळ्यांचे मनापासून आभार, सईताईंचे विशेष. पृष्ठांची संख्या प्रत्येक भागाच्या नोंदीत आहे आणि आमच्यापैकी कुणी ती आजवर वापरली नव्हती.

आता असं चालतं. मटेरियलच्या प्रती आठही नोडांवर आहेत. पॉइंटर गोळा होतात, दुबार निघतात, नोडानुसार गठ्ठे जातात. बोल्ट आणि पत्र्याचे भाग आपापल्या घरीच. ओतीव भाग पृष्ठसंख्येच्या उतरत्या क्रमानं प्रत्येक नोडाच्या रांगेत लागतात, आणि रिकामा झालेला नोड ज्याची रांग सर्वांत लांब आहे त्याच्याकडून पुढचा मागून घेतो. सर्वांत जास्त फरक दुबार काढल्यानं पडला, खारीचा_वाटा यांना सलाम. शेवटी रेंगाळणं आता फार तर एका ओतीव भागाच्या हिशेबाएवढं उरलंय.

आधी काय ठरवायचं आणि चालता चालता काय, याचं आमच्यापुरतं उत्तर असं निघालं: कुठला सबक्लास हलवायचा आणि कुठला नाही हे आधी, कुणी कुठला भाग घ्यायचा हे चालताना. दोन्ही तटांना हे मान्य आहे.

अडचण एकच उरली. दोन क्वेरी एकदम आल्या की अडकतात. हत्तीमित्र म्हणाले तसं, जपून ठेवलेल्या वजनाचं लॉक.

हत्तीमित्र

मेथडचे दोन भाग करा. वजन काढणारा भाग काहीही लिहिणार नाही, फक्त आकडा परत देईल. तोच समांतर चालवा. निघालेले आकडे बाजूला गोळा करा आणि क्वेरी संपल्यावर वेगळ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये, ऑब्जेक्टच्या घरच्या नोडावर लिहा. तोवर कुणी भूमिती बदलली असेल तर तो आकडा टाकून द्यायचा, म्हणून सोबत आवृत्ती क्रमांक ठेवा. दोन क्वेरींनी एकच वजन दोनदा काढलं तर काढू दे, लॉकवर थांबण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुर्गवेडा

आणि छोटी क्वेरी मोठीच्या मागे अडत असेल तर प्रत्येक घास संपल्यावर नोडानं बघावं, नवी क्वेरी आली आहे का. आली असेल तर पुढचा घास तिचा. चालू काम मध्येच तोडायची गरज पडत नाही. ओतीव भागांसाठी एक घास म्हणजे एकच भाग ठेवा.

मुळशीकर

मेथड फोडायचं काम सोमवारी हाती घेतोय. आणि दुर्गवेडा, नोडांना नावं देऊन टाकली. आठात तोरणा मुद्दाम ठेवलेला नाही.